सोमूच्या मागचा उत्तू

अंजूची पोलीस भरतीत निवड झाली, तेव्हा वस्तीवर सगळ्यांत जास्त हबकला तो तिचा नवरा नाथा. ती पहाटे उठून पाटोद्याच्या रस्त्यावर पळायची, हे त्याला काही नवं नव्हतं. तिच्यामागं मोटारसायकल घेऊन उजेड पाडत तोच तर जायचा. पण पळणं वेगळं आणि खरंच निवड होणं वेगळं. पेढे वाटून झाले, लोकांनी अंजूला हार घातला, फोटो काढले, आणि मग शेजारच्या रुक्मिणीबाईंनी विचारलं, "ट्रेनिंगला जानार म्हंजी पोरं कुनापाशी?"

"माज्यापाशी. दुसरं कुनापाशी?" नाथाच्या तोंडून निघून गेलं. बोलून झाल्यावर आपण हे काय बोललो म्हणून तो स्वतःच चाट पडला.

पोरं म्हणजे जुळी. पावणेदोन वर्षांची, दुडुदुडु पळायला लागलेली. सून गरोदर असताना नाथाची आई ताराबाई दोन देवांना नवस बोलली होती. झाली दोन, म्हणून तिनं दोन्ही देवांची नावं लावली. एकाचं सोमेश्वर, दुसऱ्याचं उत्तरेश्वर. त्यांचं झालं सोमू आणि उत्तू. दोघांचं तोंड इतकं सारखं की बाहेरचं माणूस तर सोडाच, घरातलेही दिवसातून चारदा चुकायचे. ताराबाईचे गुडघे गेलेले. बसल्या जागी भाकरी थापणं, गोष्ट सांगणं तिला जमायचं. पोरांमागं पळणं तिच्या हातचं राहिलं नव्हतं.

नाथा मेंढरांत वाढलेला. मेंढीला जुळी होणं त्याला नवलाचं नव्हतं. कोकरं उठून उभी राहिली, नीट पिऊ लागली की झालं. त्यामुळं अंजूनं निघताना पिशवी उचलत परत एकदा विचारलं, "जमंल ना तुमाला?" तेव्हा तो हसलाच. "कावून न्हाई जमनार? येवढी मेंढरं सांबाळतो, ही तर दोन पोरं हायत."

त्याच दिवशी दुपार व्हायच्या आत त्याचं हसू मावळलं.

त्यानं सोमूला आंघोळ घातली, कपडे चढवले, दारात बसवलं. मग दुसऱ्याला बखोटीला धरून आणलं, त्यालाही घातली. अंग पुसताना त्याच्या लक्षात आलं की याच्या कानामागं साबण आधीपासूनच आहे. सोमूच कपडे काढून फेकून परत आला होता, आणि नाथानं त्यालाच दोनदा धुतलं होतं. मग उत्तू कुठंय? नाथा घरभर हाका मारत फिरला. उत्तू पिठाच्या डब्यात बसला होता. वरून खालून पांढरा, नुसते डोळे तेवढे काळे. नाथाला पाहून तो हसला आणि मूठभर पीठ त्याच्या अंगावर उडवलं.

मेंढरं रात्री जाळीत कोंडतात, तिला वाघूर म्हणतात. दुसऱ्या दिवशी नाथानं अंगणात खुंट्या ठोकल्या, वाघूर ताणून बांधली आणि पोरांना आत सोडलं.

"आरं नाथा, पोरं हायत का मेंढरं?" रुक्मिणीबाईंनी कपाळाला हात लावला.

"काकू, मेंढरं बरी. ती येका जागी उबी तरी राहतात."

तो चहाचं आधण ठेवून बाहेर आला आणि दारातच थबकला. उत्तू जाळीपाशी हातापायांवर ओणवा झाला होता. सोमू त्याच्या पाठीवर उभा राहून खुंटीवरचा दोर सोडवत होता. ना कुणी रडत होतं, ना ओरडत होतं. दोर सुटला, जाळी खाली आली, आणि दोघं हातात हात घालून बाहेर निघाले. नाथा बघतच राहिला. दोन पोरं म्हणजे एका पोराच्या दुप्पट काम, असं तो धरून चालला होता. एकटं पोर पडतं, रडतं, आपल्याला हाक मारतं. ही दोघं एकमेकांत बेत करत होती आणि त्यांना बापाची गरजच नव्हती.

एक-एक गोष्ट तो अशी धक्के खातच शिकला. दोन ताटल्या दिल्या की दोघांनाही दुसऱ्याचीच ताटली हवी असायची. एका परातीत दूध-भाकर कुस्करून दिली की मुकाट खायची. एकाला आधी झोपवलं की दुसरा त्याच्या डोळ्यांत बोट घालून उठवायचा, म्हणून दोघांना एकाच वेळी मांडीवर घ्यायचं. ओळखू यावं म्हणून मेंढराला लावतात तसा त्यानं उत्तूच्या सदऱ्यावर रंगाचा ठिपका लावला, तर तासाभरात दोघांच्या अंगावर ठिपके. शेवटी कळपातली मेंढी तो चालण्यावरून ओळखायचा, तसं पोरांचं चालणं बघायला लागला. उत्तूचं उजवं पाऊल किंचित आत वळायचं. ते दिसेपर्यंत तो नाव घ्यायचं टाळायचा. "ये रे" म्हणायचा, नाहीतर दोघांना मिळून "सोमू!" अशी हाक घालायचा. सोमू बोलका, तोच ओ द्यायचा, आणि उत्तू त्याच्यामागून यायचाच.

फाट्यावर प्रविणचं चहाचं हॉटेल होतं. नाथा दोन्ही खांद्यांवर दोघांना घेऊन आला की बाकडी हसायची.

"बे नाथा, बायको बंदूक चालवनार आन तू लेकरं धुनार. असं आमी कदी आयकलं न्हवतं बे," प्रविण म्हणायचा.

"मग आता आयक," नाथा म्हणायचा. चहा मात्र त्याला कधी पुरा पिता आला नाही.

मग चार महिने होत आले, तेव्हा ती कडीची गोष्ट घडली.

सकाळची वेळ. ताराबाई अंगणात ऊन खात बसली होती. नाथानं गॅसवर दूध ठेवलं आणि व्यालेल्या कपिली शेळीला पाणी दाखवायला दोन मिनिटं बाहेर पडला. मागं दार आपटल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ आतली कडी सरकल्याचा. कडी खालच्या बाजूला होती. आजवर त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

नाथा धावला. दार ढकललं, हललं नाही. खिडकीच्या गजांतून बघितलं तर सोमू दाराशी उभा राहून टाळ्या वाजवतोय.

"सोमू, बाळा, कडी काड. वर वड. वर."

"वर!" सोमू म्हणाला आणि दोन्ही हात वर करून नाचला. त्याला तो खेळ वाटत होता.

दुधाला उकळी फुटली होती. उत्तू शेगडीकडं चालला होता. शेगडी जमिनीवरच होती, कारण ताराबाईला बसूनच स्वयंपाक करता यायचा. पातेल्याचा दांडा उत्तूच्या हाताशी. नाथा गज धरून ओरडला, "उत्तू! मागं हो! उत्तू!" पोरानं वळूनही बघितलं नाही. दूध उतू गेलं, चर्र झालं, वाफ उठली, आणि त्या वाफेकडं ते पोर हात लांब करून बघत राहिलं.

अंगणातल्या कणगीवर चढून नाथा छपरावर कसा पोचला, पत्रा कसा उचकटला, हे त्याला पुढं कधीच सांगता आलं नाही. तो वरून थेट आत पडला, उत्तूला एका हातानं मागं फेकल्यासारखं ढकललं आणि दुसऱ्या हातानं गॅस बंद केला. उत्तू भुईवर आपटून रडायला लागला, त्याचं बघून सोमूही. नाथाचा तळवा पत्र्यानं फाटला होता. रक्त दुधात सांडत होतं. दार उघडलं तर ताराबाई उंबऱ्यापाशी आलेली. ज्या गुडघ्यांनी तिला चार पावलं टाकता यायची नाहीत, त्या गुडघ्यांवर ती अंगण ओलांडून आली होती.

संध्याकाळच्या आत नाथानं घरातल्या झाडून सगळ्या आतल्या कड्या काढून टाकल्या. शेगडीसाठी विटांचा उंच ओटा रचला, आईसाठी उंच स्टूल आणलं. हे आधी का सुचलं नाही, म्हणून तो स्वतःला शिव्या देत होता.

अंजूला फोन फक्त रविवारी मिळायचा. त्या रविवारी नाथानं तिला सगळं सांगितलं. फोनच्या पडद्यावर तिचा चेहरा पांढरा पडलेला दिसत होता. "मी येती माघारी," ती म्हणाली.

"आता कशाला? कड्याच न्हाईत घरात."

"उत्तूनं तुमचं आयकलंच न्हाई म्हंता? इतकं वरडून?"

"वाफंकडं बगत व्हता."

अंजूनं फोन तोंडाजवळ घेतला. मग म्हणाली, "द्या बरं त्याच्याकडं फोन."

फोन सोमूनं हिसकावला. "मम्मी, उत्तूला लागलं. उत्तूला दूद दे." उत्तू त्याच्या खांद्यावरून पडद्याकडं बघत होता. अंजूनं त्याला नावानं हाक मारली, गोंजारलं, गाणं म्हटलं. तो हसला. पण ओठांतून काही आलं नाही.

"आवो," अंजू म्हणाली, "मी त्याचा आवाजच कदी आयकला न्हाई. रडतो, हासतो, पन बोल? येक तरी? दोन वर्सं उलटून गेली त्याला."

नाथा आठवायला लागला. पाणी, भाकर, आजी, शेरडू. हे सगळे शब्द घरात बोलले जात होते, पण बोलायचा तो सोमू. 'उत्तूला भूक,' 'उत्तूला शी,' 'उत्तूला नको,' सगळं सोमूच सांगायचा. उत्तूला काय हवं ते घरात सगळ्यांना कळत होतं, म्हणून तो बोलत नाही हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. पोर मुकं तर नाही? बहिरं तर नाही? आणि आपण चोवीस तास त्याच्याजवळ राहून आपल्याला दिसलं नाही?

वस्तीवर दोन दिवसांत चर्चा सुरू झालीच. "जुळ्यातलं येक मुकं हाय म्हनं." रुक्मिणीबाई अंगारा घेऊन आल्या. पाटोद्याच्या डॉक्टरनं तपासलं आणि बीडला नेऊन कान तपासून घ्या म्हणून सांगितलं.

दोघांना मोटारसायकलवर एकट्यानं नेणं होणारं नव्हतं. नाथानं उत्तूला पुढं टाकीवर बसवलं, उपरण्यानं आपल्या पोटाशी बांधलं. सोमूला ताराबाईनं कवेत घट्ट धरलं होतं. गाडी निघाली तेव्हा त्यानं असा टाहो फोडला की नाथाला आरशात बघवेना. जन्मल्यापासून ही दोघं कधी एकमेकांच्या नजरेआड झाली नव्हती, हे तेव्हा पहिल्यांदा त्याच्या मनात आलं.

उत्तू रडला नाही. तो नुसता ताठ बसून होता. लिंबागणेश मागं पडलं, आणि रस्त्याच्या कडेनं शेळ्यांचा एक कळप आडवा आला. नाथानं गाडी हळू केली.

"पप्पा, शेळ्या."

नाथानं मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

"आपल्या न्हाईत त्या," आवाज पुढून, टाकीवरून आला. "आपली कपिली न्हाई त्यात."

गाडी रस्ता सोडून खडीत गेली. पडता पडता नाथानं पाय टेकवले. शेळ्या आजूबाजूनं निघून गेल्या, गुराखी काहीतरी ओरडून गेला. नाथाला काही ऐकू आलं नाही. त्यानं उपरणं सोडलं, पोराला उचलून समोर धरलं.

"तू बोलला?"

पोर त्याच्याकडं बघत होतं. "तान लागली," ते म्हणालं, अगदी स्वच्छ.

"उत्तू! आरं, उत्तू, तू बोलतो?"

पोरानं मान हलवली. "मी सोमू."

आता मात्र नाथाच्या पायांखालची जमीन हलली. आपण चुकीचं पोर आणलं. बोलकं पोर घेऊन बीडला कान तपासायला निघालो, आणि मुकं घरी! सकाळच्या घाईत त्यानं याचं चालणं बघितलंच नव्हतं. झोपेतून उचललं आणि गाडीवर ठेवलं. त्यानं घरी फोन लावला.

"माय, तुज्यापाशी कोन हाय?"

"कोन म्हंजी? सोमू हाय की."

"बोलतोय का?"

"न्हाई रे. तू गेल्यापासनं रडला, आन आता कोपऱ्यात बसलाय. तोंडातून शबूद न्हाई. लई घाबरलंय लेकरू."

मुकं पोर घरीच होतं तर. नाथानं फोन खिशात टाकला. आता माघारी फिरावं, पोरं बदलावीत, असं त्यानं ठरवलंही. पाणी पाजायला म्हणून त्यानं पोराला खाली ठेवलं. पोर दोन पावलं चाललं, शेळीची लेंडी बघायला वाकलं, आणखी दोन पावलं चाललं.

उजवं पाऊल आत वळत होतं.

"थांब," नाथा म्हणाला. "परत चाल. तिकडं, त्या दगडापर्यंत."

पोर दगडापर्यंत गेलं आणि हसत परत आलं. शंकाच नव्हती. हा उत्तू होता. उत्तूच बोलला होता. आणि जो घरी बोलेनासा झाला होता तो सोमू होता.

नाथा रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसला. मग यानं आपलं नाव सोमू का सांगितलं? आणि त्याला आपलीच हाक ऐकू आली. "सोमू!" अशी हाक घालायची आणि दोघांनी यायचं. खायला चला, सोमू. बाहेर चला, सोमू. उत्तू हे नाव कधी निघायचं? काही सांडलं, कुठं लागलं, कुणी हरवलं की. तेही पोराशी बोलताना क्वचितच, जास्त करून त्याच्याबद्दल. ज्या नावानं कुणी जेवायला बोलावत नाही ते नाव पोरानं आपलं कसं मानावं? खिडकीतून जीव तोडून ओरडलो ते नाव याला आपलं वाटलंच नसेल.

त्यानं पोराला जवळ ओढलं, त्याच्या छातीवर बोट ठेवलं. "उत्तू. तू उत्तू. सोमू घरी हाय."

पोरानं त्याच्या बोटाकडं बघितलं. पटल्यासारखं काही दिसलं नाही. "पानी," ते म्हणालं.

तरी नाथा बीडला गेलाच. डॉक्टर बाईंनी यंत्र लावून कान तपासले. काही दोष नव्हता. उत्तूनं त्यांना शेळीबद्दल, यंत्राच्या दिव्याबद्दल आणि स्वतःच्या चड्डीबद्दल सांगितलं.

"याच्यासाठी घरी कोण बोलतं?" बाईंनी विचारलं.

"भाऊ. जुळा हाय."

"मग याला गरजच पडली नाही. भावालाही हा जवळ असल्याशिवाय बोलता येतंय का, बघा. रोज थोडा वेळ दोघांना वेगळं ठेवा. प्रत्येकाला त्याच्या नावानं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. सगळ्यात अवघड तेच असतं, थांबणं."

दुसऱ्या दिवसापासून नाथा एकाला मेंढरांमागं न्यायचा, दुसरा आजीपाशी. पुढच्या दिवशी अदलाबदल. पहिले काही दिवस सगळी वस्ती कानांवर हात ठेवून होती, असा आकांत. उत्तू माळावर बडबडायचा आणि घरी आला की परत गप्प. पण नाथाला खरा धक्का दिला सोमूनं. जाळीवर चढणारा, कडी लावणारा, फोन हिसकावणारा सोमू बापाबरोबर एकटा निघाला की पायाला मिठी मारून बसायचा. साधं करडू जवळ आलं तरी किंचाळायचा. सारखा मागं बघायचा. मागं उत्तू नसायचा. इतके दिवस नाथा धरून चालला होता की धीट तो सोमू आणि उत्तू त्याचं शेपूट. आता दिसलं की सोमूची सगळी हिंमत मागं उभ्या असलेल्या त्या गप्प पोराची होती.

म्हणून मग नाथानं सोमूला बोलायला लावलं नाही. नुसता हात धरून चालवलं. घरी ताराबाई उत्तूला विचारायची, "उत्तू, भाकर का भात?" आणि थांबायची. सोमू मधे बोलला की त्याच्या तोंडावर अलगद हात ठेवायची. एकदा ती इतका वेळ थांबली की तिचीच भाकर तव्यावर करपली. तेव्हा उत्तू म्हणाला, "आजी, जळलं." ताराबाईनं त्या आनंदात करपलेली भाकर तशीच खाल्ली.

नाव मात्र लवकर बसलं नाही. बरेच दिवस दोघंही सोमूच होते. मग एका रविवारी अंजूनं फोनवर विचारलं, "कोन बोलतंय?" आणि पलीकडून आवाज आला, "उत्तू. सोमूला नको देऊ फोन." अंजू हसली का रडली ते नाथाला कळलं नाही, तिनं तोंड फिरवलं होतं.

ट्रेनिंग संपवून ती आली तेव्हा दोघं एकदमच बोलायला लागले होते. इतकं, की कुणाचंच काही ऐकू येईना. "येक गप व्हता तेच बरं व्हतं," ताराबाई बोलून गेली आणि लगेच जीभ चावून देवाला हात जोडले.

दुसऱ्या सकाळी अंजूनं नाथाला बळेच मेंढरांमागं पाठवलं. आज पोरं माझ्याकडं, म्हणाली. दुपारी तो आला तर ती ओट्यावर बसलेली. केस सुटलेले, एका पायात चप्पल, दुसरी कुठंतरी गेलेली. घरातून दोन आवाज एकमेकांना हुकूम सोडत होते.

"ट्रेनिंगला पळायला लावलं, रांगायला लावलं, उन्हात उबं केलं," अंजू त्याच्याकडं डोळे विस्फारून बघत म्हणाली. "तितं मला कायच वाटलं न्हाई. पन हे काय हाय? ह्यांनी मिळून माजी शिट्टी पान्याच्या टाकीत टाकली, आन मला उतरवलं टाकीत शोदायला. वरून झाकन लावायला लागली व्हती!"

नाथाला हसू आवरेना. तो तिच्याशेजारी बसला, आपल्या पायातलं काट्याचं टोक काढलं.

"दोगांना येकदम घिऊ नको," तो म्हणाला. "उद्या उत्तूला तू घे. सोमूला मी नेतो."